बिनखसखशीचा मसाला

हर्बर्ट तुस्कानो आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली. मला वाटलं, बिचारा आजारी आहे. बाटलीत लाल मसाला होता. "वहिनी, राग मानू नका, तुमच्या रश्शात चमचाभर घालून बघा," तो म्हणाला. माझे मिस्टर हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. मला रागच आला होता. पण घालून बघितला, आणि त्यानंतर आमच्या दुबईतल्या, अल कुसैसच्या स्वयंपाकघरात दुसरा मसाला आला नाही.

माझे मिस्टर आणि हर्बर्ट देऱ्यात एकाच कंपनीत होते. बोटींचे सुटे भाग विकणारी कंपनी, हर्बर्ट तिथला स्टोअरकीपर. लग्न केलं नाही. आधी बहिणींची व्हायची होती, मग आईचं आजारपण निघालं, मग राहून गेलं. देऱ्यातल्या एका खोलीत सहा पुरुषांमध्ये एक पलंग, पलंगाखाली एक बॅग, एवढाच त्याचा संसार. मिस्टर गेल्यावरही त्याचं रविवारचं जेवण आमच्याकडेच राहिलं.

तो मसाला त्याच्या आईचा, कोर्नेलियाबाईंचा. आमच्या वसईकडे बाटलीचा मसाला म्हणजे घराची आतली गोष्ट. मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस भाजायचा, कुटायचा आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. काय काय आणि किती घालायचं हे सासू सुनेला सांगते. लेकीलासुद्धा सांगत नाहीत, ती दुसऱ्या घरी जाते म्हणून. कोर्नेलियाबाईंना सून मिळाली नाही. त्यांनी मुलालाच शिकवलं.

पण हर्बर्टला पाठवायच्या मसाल्याचं वेगळंच होतं. आमच्या मसाल्यात खसखस लागते आणि इथे अमिरातीत खसखशीला बंदी आहे. बॅगेत सापडली तर तुरुंग. हे कळल्यावर कोर्नेलियाबाई म्हणे रात्रभर झोपल्या नाहीत. मग त्यांनी खसखस काढली आणि त्या जागी काय घालावं म्हणून एक अख्खा उन्हाळा घालवला. शेवटी भाजलेले पांढरे तीळ आणि कलिंगडाच्या बियांचा मगज यांचं प्रमाण त्यांना सापडलं. तेव्हापासून त्यांच्या घरी दोन मसाले व्हायचे, एक घरचा आणि एक हर्बर्टचा.

आता सॅव्हियोबद्दल सांगायला हवं. तो हर्बर्टच्या खोलीत आला तेव्हा तेवीस-चोवीसचा असेल, एका हॉटेलात वेटर. बोलण्यात पटाईत, हसरा, कोणाच्याही घरात दोन मिनिटांत घरचा होणारा. त्याची आई लहानपणीच गेली होती. त्याला कांजिण्या झाल्या तेव्हा खोलीतल्या इतरांनी "खलास, याला बाहेर काढा" म्हणून ओरडा केला. हर्बर्टने सुट्टी टाकली आणि पलंगाभोवती चादर बांधून त्याची शुश्रूषा केली. पुढच्या रजेत त्याला वसईला घरी घेऊन गेला. कोर्नेलियाबाईंनी दुसरं ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तूही माझाच."

त्या रजेत सॅव्हियोने एक फोटो काढला. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या कोर्नेलियाबाई ओट्यावर बसून बाटलीत मसाला भरताहेत आणि शेजारी हर्बर्ट नरसाळं धरून उभा आहे. हा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेला. हर्बर्टच्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवलेला असायचा.

पुढे सॅव्हियोने गावी जाऊन जोआनाशी लग्न केलं, दुबईला ती कधी आली नव्हती. ती नर्स. तिला वेल्समध्ये नोकरी लागली आणि दोघं निघाले. कोर्नेलियाबाई तोवर वारल्या होत्या. निघायच्या आदल्या शुक्रवारी हर्बर्टने सॅव्हियोला समोर बसवून सगळा मसाला तोंडी सांगितला आणि परत म्हणून घेतला. मी त्याला विचारलंही होतं, "अहो, घरातली वस्तू बाहेर दिलीत?"

"बाहेर कुठे वहिनी? भाऊच आहे तो. माझ्यामागे कोणाला देणार?"

तिकडे समुद्रकाठी क्रिकिएथ नावाचं छोटं गाव आहे. दोन किनाऱ्यांच्या मधे खडक, खडकावर सातआठशे वर्षांचा किल्ला. किल्ल्याखालच्या गल्लीत सॅव्हियोने कॅफे काढला. फोनवर तो वर्षानुवर्षं म्हणायचा, "हर्बी, ये रे एकदा, तुला किल्ला दाखवतो." हर्बर्ट म्हणायचा, "इन्शाल्ला." गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, हातात थोडे पैसे आले आणि त्याने खरंच येतो म्हणून सांगितलं. तेव्हा सॅव्हियो म्हणाला, सीझन आहे, गर्दी आहे, नंतर बघू. पण मागून जोआना ओरडली, "अंकल, त्याचं ऐकू नका. तुम्ही या!"

हर्बर्टने नवा कोट शिवून घेतला. माझ्याकडून लोकरी मफलर घेऊन गेला. पुढचं सगळं त्याने परतल्यावर माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं, तसंच लिहिते.

पहिल्या सकाळी सॅव्हियो त्याला किल्ल्यावर घेऊन गेला. दारावर दोन गोल बुरूज, आत गवत, भिंतींना छप्पर नाही आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. हर्बर्टला वसईचा किल्ला आठवला. वारा एवढा की टोपी एका हाताने धरावी लागत होती. सॅव्हियो गाइडसारखा हात करून सांगत होता.

"इथे एका राजपुत्राने सावत्र भावाला कैद केलं होतं. बोलणी करायला बोलावलं आणि कोंडलं, असं म्हणतात."

"बोलावून कोंडलं?"

"मग! तेव्हाचे लोक लई डेंजर."

"आपल्या वसईचा किल्ला बरा. तिथे भांडले ते तरी परके होते," हर्बर्ट म्हणाला, आणि दोघं खूप हसले. खाली उतरून त्यांनी समुद्राकडे तोंड करून आइस्क्रीम खाल्लं. हर्बर्ट मला म्हणाला, "वहिनी, त्या बाकावर मी एवढा सुखात होतो की वाटलं, आता काही झालं तरी चालेल. माणसाने असं मनात आणू नये."

मग कॅफे. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं, 'नाना रोझी'ज'. नाना म्हणजे तिकडे आजी. हर्बर्टला वाटलं, ही रोझी जोआनाची आजी असेल. आत दहा-बारा टेबलं, सगळी भरलेली. काउंटरमागच्या भिंतीवर दाराएवढा मोठा फोटो. लाल लुगडं, बाटली, खाली मान घातलेला तो चेहरा. खाली ओळ होती: सॅव्हियोची आजी, जिने आपलं गुपित फक्त नातवाला दिलं.

फोटोत हर्बर्ट नव्हता. कडेने कापलेला. पण नरसाळं बाटलीवर होतं, म्हणून ते कापता आलं नसावं. नरसाळ्यावर चार बोटं राहिली होती, हर्बर्टची.

जोआनाने त्याला खिडकीजवळ बसवलं, मसाला लावून तळलेला मासा आणि बटाट्याचे काप आणून ठेवले. "खाऊन सांगा अंकल, नाना रोझीची चव आहे की नाही! मी तर तिला पाहिलंही नाही. पण रोज दुकान उघडताना तिला गुड मॉर्निंग म्हणते." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. नवऱ्याने तिला जे सांगितलं, ते तिने मनापासून धरलं होतं.

हर्बर्टने घास घेतला. तीळ आणि मगज. खसखस नाही.

दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तो आत स्वयंपाकघरात गेला. सॅव्हियो कढई घासत होता.

"सॅव्ही, मसाल्यात खसखस का नाही घातलीस?"

"खसखस? रेसिपीत कुठे आहे?"

"इथे दुकानात मिळते ना? इथे बंदी नाही."

"मिळते रे. पण तू सांगितलंस त्यात नव्हती, म्हणून नाही घातली. एक दाणा इकडचा तिकडे केला नाही मी."

"ती माझ्यासाठी काढली होती तिने. दुबईसाठी. वसईतली कुठली आजी बिनखसखशीचा मसाला करते? तूच सांग."

सॅव्हियोने नळ बंद केला. बाहेर जोआना होती, तिकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "हर्बी, हे बघ, धंद्याला स्टोरी लागते. बँकेत गेलो तेव्हा विचारलं, तुमचं वेगळं काय? काय सांगू? मित्राच्या आईचा मसाला? आजी म्हटलं की लोकांचे डोळे भरतात. आणि तीच म्हणाली होती मला, तूही माझाच. तुझ्यासमोर म्हणाली होती."

"म्हणाली होती. मग तिचं नाव का बदललंस?"

"कोर्नेलिया इथल्या लोकांना जड जातं."

"ज्या लोकांच्या गावांची नावं घेताना माझी जीभ लुळी पडली, त्यांना कोर्नेलिया जड?"

सॅव्हियो हसला. त्याला वाटलं, विनोद झाला, मिटलं. "यल्ला, चल, सोड ना आता. उद्या पेपरवाली येणार आहे. तिच्यासमोर काही काढू नकोस, प्लीज."

"माझं काही मागणं नाही. कॅफे तुझा, मसालाही तुला दिला तो दिला. फक्त त्या फोटोखाली तिचं नाव लिही. कोर्नेलिया तुस्कानो."

"बघतो," सॅव्हियो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वार्ताहर बाई आली. तरुण, बोलायला गोड. सॅव्हियो फोटोखाली उभा राहून सांगत होता. आजी पहाटे उठायची, मला मांडीवर घ्यायची, कानात एकेक जिन्नस सांगायची. खिडकीजवळ बसून हर्बर्ट ऐकत होता. ओळ बदललेली नव्हती. त्या बाईने विचारलं, "आजीचं पूर्ण नाव काय?"

"रोझी," सॅव्हियो म्हणाला. "रोझी डिमेलो." त्याचं स्वतःचं आडनाव.

तेव्हा हर्बर्ट उठून म्हणाला, "तिचं नाव कोर्नेलिया. ती माझी आई आहे. ती बोटं माझी आहेत."

इंग्रजीतच म्हणाला. सगळे वळून बघायला लागले. सॅव्हियो गोंधळला असेल तर एक क्षणभर. मग तो जवळ आला, हर्बर्टच्या खांद्यावर हात टाकला आणि त्या बाईला हळू आवाजात म्हणाला, "अंकल दुबईहून आलेत. फॅमिलीसारखेच आहेत. हल्ली त्यांचा जरा गोंधळ होतो. वय झालंय, एकटे राहतात."

बाईने मान हलवली. तिचीही आजी अशीच होती म्हणाली. जोआना धावत आली, हर्बर्टला खुर्चीत बसवलं, चहा आणला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "अंकल, गोळ्या घेता का कुठल्या?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती नर्स. असे पेशंट तिने पाहिलेले.

हर्बर्टने सांगून बघितलं. पण जितकं सांगावं तितकी ती त्याचा हात थोपटत होती.

विमानतळावर सोडायला तीच आली. तिने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आयुष्यभर नांगर आणि साखळदंड मोजलेला हा माणूस, अजून माझा गॅसचा सिलिंडर एका हाताने उचलतो. तो त्या खुर्चीत बसला. मी म्हटलं, "अहो, का बसलात?" तर म्हणाला, "पोरगी रडत होती वहिनी. तिचा काय दोष?"

सॅव्हियोने माझ्याही घरी वर्षानुवर्षं जेवण केलंय. माझ्या मिस्टरांच्या अंत्यविधीला पेटीला खांदा दिलाय. मी त्याला फोन केला. एकदा उचलला, "आंटी, मी गाडी चालवतोय, नंतर करतो" म्हणाला. नंतर उचलला नाही.

मग एका रविवारी हर्बर्ट म्हणाला, "मी ठरवलंय. मसाला सगळ्यांना सांगून टाकणार. बंद ठेवून एकालाच दिला, म्हणून चोरीला गेला. सगळ्यांकडे असला आणि तिच्या नावाने असला, तर कोण चोरणार?" चर्चच्या स्नेहमेळाव्यात प्रत्येक घर एक पदार्थ करून आणतं. हर्बर्टने माझ्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजवली, मोठं पातेलं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कोर्नेलिया तुस्कानो यांचा मसाला. कृती विचारा, सांगेन.' नवा कोट घालून पातेल्यामागे उभा राहिला.

लोक बोटं चाटत होते. चार-पाच बायका कृती विचारायलाही थांबल्या. तेवढ्यात दुबईच्याच सिलिकॉन ओएसिस भागात नोकरी करणारी रिद्धी आली, कोणाची तरी मैत्रीण म्हणून आलेली. एक घास खाल्ला आणि ओरडलीच, "अंकल, हे तर सेम टू सेम नाना रोझी! मी यूकेला ट्रिपला गेले होते ना, त्या किल्ल्याखाली खाल्लं होतं. रील बघा!" तिने फोन काढला. दाराएवढ्या कोर्नेलियाबाई, आणि पुढे सॅव्हियो हसतोय. बायका गोळा झाल्या. "आपल्या वसईची बाई गं!" "किती अभिमानाची गोष्ट!"

"ती माझी आई," हर्बर्ट म्हणाला.

"ओ माय गॉड! म्हणजे तुम्ही सॅव्हियोचे भाऊ?"

या प्रश्नाला त्याने इतकी वर्षं 'हो' म्हटलं होतं. "नाही. कोणी नाही," तो म्हणाला, आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. रिद्धी भली मुलगी. तिथेच उभ्या उभ्या तिने रीलखाली लिहिलं की या बाईंचं खरं नाव कोर्नेलिया आहे आणि त्यांचा मुलगा दुबईत आहे.

संध्याकाळपर्यंत कॅफेकडून उत्तर आलं. 'हर्बर्ट अंकल आमच्या घरचेच आहेत. त्यांची तब्येत अलीकडे बरी नसते. कृपया त्यांच्यासाठी प्रार्थना करा.' खाली जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागली. त्यात आमच्या पॅरिशमधली ओळखीची नावं होती.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका माणसाने हर्बर्टचं कोपर धरलं. "सावकाश अंकल." दुसऱ्या एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवलंत का? मी तिला म्हटलं, तो माझ्या-तुझ्यापेक्षा शुद्धीवर आहे. तिने माझाही हात थोपटला.

जेवताना मी हर्बर्टवर चिडले. "तुम्ही गप्प का बसता? चार लोकांत ठणकावून सांगा ना!"

त्याने ताटातला भात कालवला.

"सांगितलं असतं वहिनी," तो म्हणाला. "पण आता मी जेवढं सांगेन, तेवढं सॅव्हीचंच खरं ठरेल."

मी त्याला आणखी रस्सा वाढला. तो नको म्हणाला नाही.