एरंडेलाच्या ब्रेकावर महागाव

दारव्ह्याहून निघालो तेव्हा ऊन नुकतं कौलांवर आलं होतं. जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकली होती, गादीवर शेवंताच्या मायची, म्हणजे माझ्या बायकोची, गोधडी. पुढे माझ्या बाजूची सीट मोकळीच. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तिथं तीच बसायची आणि प्रत्येक वळणावर समोरची दांडी धरून "हळू, हळू" करायची. मला राग यायचा. आता कोणी म्हणत नाही, तर मी आपणच हळू हाकतो.

कशासाठी निघालो ते आधीच सांगून टाकतो. माझी एकुलती पोर शेवंता महागावला दिली आहे. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या विहीणबाईनं, निरोप धाडला, "माय नाही त्या घरी पोर कशी धाडू? आन् धाडली तर त्या खटाऱ्यात?" सातवा महिना सरायला दोन दिवस होते. आठव्यात पोर हलवत नाहीत. दोन दिवसांत आणली तर आणली, नाहीतर माझ्या घराला माहेर म्हणणं संपलं. बाळंतपण करायला माझी मोठी बहीण येऊन बसली होती. मला त्यातलं काय कळतं? मी चौथी शिकलेला, जिनात (कापसाची सरकी काढतात तिथं) पट्टे आणि चाकं दुरुस्त करण्यात जन्म गेला. पण गाडीतलं कळतं, असं मी समजत होतो.

जीप लष्कराच्या लिलावातली. तिचं सगळं मी घरीच करतो. निघायच्या आधी चारही चाकं खोलली. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या होत्या, तिथं जिनातला जुना जाड पट्टा कापून तांब्याच्या रिबिटांनी ठोकला. काम झकास झालं. मग पाहिलं तर ब्रेकच्या टाकीतलं तेल कमी. दारव्ह्यात ते तेल मिळालं नाही. मी इंजिनाचं तेल ओतलं. तेल ते तेल! बाकीची कहाणी याच शहाणपणाची आहे.

दिग्रसला चहा आणि आलुबोंडा खाल्ला. बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) एकामागं एक उभ्या. हॉटेलवाल्यानं गादी पाहून विचारलं, "काका, एकटेच निंगाले?"

"जातानी एकटा. येतानी अडीच."

तो हसला आणि आणखी एक आलुबोंडा त्यानं न मागता बशीत टाकला. चांगला माणूस, पण बोंड्यात मीठ नव्हतं.

दिग्रस सोडल्यावर टेकड्या लागतात. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. पण गाडी जड चालायला लागली. चढ नाही तरी दम लागलेल्या म्हशीसारखी. मग जळका वास. पुसदकडे उतरणारा घाट जिथं सुरू होतो, तिथंच ती उभी राहिली. उतरून चाकावर थुंकलो तर चर्र झालं. चारही ब्रेक आपोआप धरून बसले होते. एक चाक उघडलं आणि डोक्यावर हात मारला. आतल्या रबराच्या वाट्या इंजिनाच्या तेलानं वड्यासारख्या फुगल्या होत्या. तेल काढून टाकलं तेव्हा चाकं सुटली, पण आता पाय दाबला की पॅडल सरळ तळाला. आधी सोडत नव्हता, आता धरत नव्हता. आणि समोर घाट.

हत्यारांच्या पेटीत एक चुन्याची डबी निघाली. दिवाळीत नव्या वाट्या बसवल्या तेव्हा जुन्या मी उकिरड्यावर फेकल्या होत्या. शेवंताच्या मायनं त्या उचलून, पुसून, डबीत भरून ठेवल्या होत्या. सगळ्या. तिनं जन्मात काही फेकलं नाही. मी त्यावरून तिला भंगारवाली म्हणायचो. डबी हातात घेऊन थोडा वेळ दगडावर बसलो. मग उठलो, बसून पोर घरी येत नाही.

वाट्या झाल्या, पण तेल? तेव्हा दुसरी गोष्ट आठवली. मी ब्रेकचं तेल भरत असलो की ती नाक मुरडायची. म्हणायची, "याले तं एरंडेलाचा वास येते. आन् वरून दारूचा. तुमी गाडीले जुलाब देता का पाजता?" मी म्हणायचो, बायकांना मशीनमधलं काय समजते. दगडावरून उठता उठता वाटलं, समजत असेल तर?

रस्त्याला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा होता. एक म्हातारी याडी (त्यांच्या गोर बोलीत आई) ओट्यावर तूर पाखडत बसली होती. हातभर बांगड्या, कपाळावर आरशांची ओढणी. तिला एरंडेल मागितलं. ती म्हणाली, "पोट बिघडलं का भिया (भाऊ)?"

"पोट नाही, गाडी. आन् थोडी मोहाची पाहिजे."

सूप थांबलं. "दारू? आमच्या तांड्यात? सरकारची बंदी हाये. आमी तं नाव बी ऐकलं नाई."

"मले प्याची नाही याडी. गाडीले पाजाची हाये."

तिनं मला वरून खाली पाहिलं, मग जीपकडे पाहिलं. "गाडी पिऊन चालली तं पोलीस कोनाले धरतीन?"

मी खरं ते सांगितलं. पोर, सातवा महिना, तिची माय गेलेली. याडीनं सूप बाजूला ठेवलं. आत गेली आणि एका हातात एरंडेलाचं बुधलं, दुसऱ्या हातात बाटली घेऊन आली. "पहिल्या धारेची हाये. काडी लाव, पेटते." लावली. निळी पेटली.

अर्ध्या दारूनं नळ्या आणि चाकांची पोटं धुतली, डबीतल्या वाट्या बसवल्या, उरलेली अर्धी एरंडेलात हलवून टाकीत भरली. आता नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एक पॅडल दाबतो, दुसरा चाकाशी पेच सोडतो. तांड्यातली माणसं कापूस वेचायला गेलेली. याडीच चढून बसली सीटवर.

"दाब!" मी खालून ओरडलो. बांगड्या खणखणल्या.

"सोड!" पुन्हा खणखणल्या.

चार चाकं, प्रत्येकाला दहा-बारा वेळा. शेवटी ती म्हणाली, "पाय आता दगडावर ठेवल्यावानी लागते."

ब्रेक आला होता. मी तिला तांड्याभोवती एक फेरी मारून आणली, तिच्या ओट्यासमोर ब्रेक दाबून गाडी थांबवली. तिनं मला ज्वारीची बाटी (भाकर) आणि अंबाडीची भाजी वाढली. दारव्ह्यापासून एवढं चवीचं काही खाल्लं नव्हतं. निघताना म्हणाली, "पोरीले घेऊन जातानी थांबजो. मले पाहाची हाये."

घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. पुसद खाली वाटीत ठेवल्यासारखं दिसत होतं, पण मी फार पाहिलं नाही. महागावला पोचलो तेव्हा गुरं घरी येत होती. दारात विहीणबाई. मी पाया पडायला वाकलो, तर ती दोन पावलं मागं सरली.

"इवाई (व्याही), तुमी पिऊन आले?"

माझ्या धोतराला, हाताला, सदऱ्याला मोहाचा वास होता. तेवढं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! शेवंता आतून पाहत होती. तिचं तोंड उतरलं.

"प्यालो नाही, ईनबाई. गाडीनं पेली."

"वा! मोठे झाले तुमी. पोर राहीन इथंच."

मी वाद घातला नाही. कंदील मागितला, तिला जीपपाशी नेलं, टाकीचं झाकण उघडलं. "वास घ्या." तिनं पदर नाकाला लावूनच घेतला. मग पदर काढून पुन्हा घेतला.

"एरंडेल हाये हे."

"शेवंताच्या मायनं सांगितलतं."

विहीणबाईनं टाकीचं झाकण आपल्या हातानं लावलं. म्हणाली, "सकाळी पाहू."

सकाळी ती पाण्यानं काठोकाठ भरलेला गुंड (पितळी हंडा) मांडीवर घेऊन मागच्या गादीवर जाऊन बसली. तिच्या घरापुढे नाल्यापर्यंत चांगला उतार आहे. "चाला. मी म्हनीन तिथं थांबवा. पानी सांडलं तं पोर नाई."

अख्खी आळी दारात उभी होती. अर्ध्या उतारावर ती ओरडली, "थांबा!" मी पाय दाबला, लोण्यावर ठेवावा तसा हलक्यानं. गाडी थांबली. मागं पाहायचा धीर झाला नाही.

"दोन थेंब सांडले," ती म्हणाली. माझा जीव गेला. "पन ते माह्या हातानं. न्या पोरीले."

मग तिनं मडक्यावर मांडे केले, पुरण भरलेले, आणि मी नको म्हणेपर्यंत वाढले. मी नको म्हटलंच नाही. निघताना शेवंताच्या ओटीत नारळ घालून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिची माय असती तं मी असं पाह्यलं नसतं. राग मानू नका."

"तिची माय असती तं तिनंच तुमच्याआधी पाह्यलं असतं," मी म्हणालो.

पुसदला ब्रेकचं खरं तेल मिळालं, ते घेतलं. दारूनं ब्रेक चालवायचा उद्योग कोणी करू नये. माझी वेळ होती, निभली. घाट चढून तांड्यापाशी थांबलो. याडीनं शेवंताच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला म्हणाली, "आता गाडीची दारू सोडव, भिया." घरी येऊन नळ्या धुतल्या, ते तेल भरलं, नव्या वाट्याही बसवल्या. जुन्या पुन्हा त्या डबीत ठेवल्या.

पण ते नंतर. दिग्रसच्या पुढे शेवंता म्हणाली, "बाबा, मांगं मळमळते." म्हणून तिला पुढे घेतलं, माझ्या बाजूला. गोधडी अंगावर. दारव्हा दोन कोस राहिलं असेल, एक साधं वळण आलं. तिनं समोरची दांडी धरली.

"हळू, बाबा. हळू."

रस्ता मोकळा होता. समोर बंडी नाही, गुरं नाहीत. तरी मी ब्रेक दाबला.