विजेचा खांब असलेली जागा

आमच्या शेजारच्या उत्तरामावशींनी अॅरिझोनातल्या चँडलरच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. बंद पडलेलं मशीन का बंद पडलं, हे हुडकण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. त्या रिटायर झाल्या आणि सहा महिन्यांत त्यांच्या नवऱ्याच्या, देवदत्तकाकांच्या, किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून रोज झोपताना काकांच्या पोटातल्या नळीला डायलिसिसचं मशीन जोडायचं, ते नऊ तास चालायचं. चार वर्षांत दोघं एकही रात्र घराबाहेर राहिले नव्हते.

फेब्रुवारीत काका चहा घेताना सहज म्हणाले, "ग्रँड कॅन्यनचा सूर्योदय राहूनच गेला, नाही? चार तासांवर असून."

मावशींनी कप खाली ठेवला. "आरव्ही भाड्याने घेऊ, चाकांवरचं घरच. मशीन आत, पलंग आत, तूही आत."

डॉक्टरांनी परवानगी दिली. मग मावशी रात्री आरव्ही लावायला कॅम्पग्राउंड निवडायला बसल्या. पहिलं काकांना फोटोतच आवडलं. दाट पाइन, प्रत्येक जागेला आडोसा. पण तिथे वीज नव्हती आणि जनरेटर फक्त सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास लावायची मुभा. दुसऱ्यात प्रत्येक जागेला विजेचा खांब होता, पाण्याचा नळ होता, पण गाड्या ओळीने उभ्या.

"हे तर पार्किंग लॉट आहे गं!" काका कुरकुरले.

"असू दे. झाडं तू दिवसा बघ. मला नऊ तास वीज पाहिजे."

अडचण एकच होती, एप्रिल पूर्ण भरलेला. मावशी रोज सकाळी सहाला उठून कोणी बुकिंग कॅन्सल केलंय का ते बघायच्या. एकविसाव्या दिवशी त्या चपला न घालताच माझ्या दारात आल्या. "मिळाली गं! दोन रात्री! आणि गाडी सरळ आत, सरळ बाहेर, रिव्हर्स घ्यायलाच नको!" आम्ही दोघी तिथेच, ड्राइव्हवेवर, शाळकरी मुलींसारख्या उड्या मारत होतो.

निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी आरव्ही घरासमोर लावून, घरची वीज जोडून काकांना त्यातच झोपवलं. मशीन व्यवस्थित चाललं. टेक्ससमधल्या प्लेनोहून रुचाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. "आई, आर यू शुअर?" मावशी म्हणाल्या, "टेस्ट पास झालीये."

कॅन्यनला पोचल्यावर मावशींनी आधी खांबाला मीटर लावून व्होल्टेज तपासलं, मगच केबल जोडली. पहाटे मशीन थांबलं. काकांनी जाकीट चढवलं, कानटोपी घातली आणि दोघं पार्कच्या बसने कड्यापर्यंत गेले.

तिथे काय झालं ते मावशींनीच मला सांगितलं. ऊन पलीकडच्या भिंतीवर पडलं, तिथून एकेक थर तांबडा करत खाली उतरत गेलं. काकांनी कठडा घट्ट धरला होता. शेजारच्या अनोळखी माणसाला ते मराठीतच म्हणाले, "बघा, बघा ना!" तो माणूसही मान डोलावून हसला.

परतीच्या वाटेवर फ्लॅगस्टाफपासून घरापर्यंत काका अखंड बोलत होते. गाडी दारात थांबली, तरी त्यांनी सीटचा पट्टा सोडला नाही. म्हणाले, "उत्तरा, शेजारच्या यूटात कुठल्या कुठल्या कॅम्पग्राउंडवर वीज आहे गं?"