व्याह्यांची डिझेल गाडी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. ठिकाण लातूर, विश्वंभररावांचं अंगण. ठरलेली रक्कम पाच लाख चाळीस हजार. हजर माणसं तीन: विकणारे विश्वंभरराव, घेणारे माझे थोरले भाऊ आण्णा आणि गाडी बघायला नांदेडहून आणलेला मी. विश्वंभरराव हे आण्णांचे व्याही. आण्णांची रेखा त्यांच्या घरात दिली आहे.

मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघातातल्या गाडीचं नुकसान मोजायचं आणि विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे काम. जुनी गाडी घेणारेही बोलावतात. त्याची फी आठशे.

आण्णांची अर्धापूरला केळीची बाग. घरात नातवंडं धरून सात माणसं. बाजार, दवाखाना, लातूरच्या खेपा धरल्या तर रनिंग भरपूर होणार होतं, म्हणून डिझेल परवडत होती. सात सीट, आठ वर्षं जुनी, पांढरी. भावही वाजवी होता.

मी इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले. एअरबॅगचा पेटला नाही.

हा दिवा लोकांना उलटा कळतो. पेटला नाही म्हणजे बरं, असं वाटतं. खरं तर किल्ली फिरवली की तो काही क्षण पेटून विझला पाहिजे. पेटतच नसेल, तर बहुधा कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो.

"एअरबॅगचा दिवा लागत नाही," मी म्हणालो.

"मग चांगलंच की! दिवा लागला की खर्च आला, बापूराव," विश्वंभरराव हसले. आण्णाही हसले.

मी डाव्या बाजूच्या मागच्या दाराचं रबर ओढून काढलं. कारखान्यात पत्रा जोडतात तिथं सारख्या अंतरावर गोल खळगे दिसतात. उजव्या बाजूला ते होते. डाव्या बाजूला बोटाला सलग गाठी लागल्या, वर पुट्टी. दोन दारांमधला खांब कापून दुसरा जोडला होता.

आमच्यात याला टोटल लॉसची गाडी म्हणतात. दुरुस्ती किमतीच्या घरात जाते, तेव्हा कंपनी मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकला जातो. कोणीतरी तो घेऊन पुन्हा उभा करतो. नव्या एअरबॅगा महाग पडतात. त्यापेक्षा दिवा बंद करणं स्वस्त.

"ही बाजू कधी ठोकली होती का?"

"गेटला जरा घासली व्हती. आता व्याह्याला खोटी गाडी देईन का मी?"

हात धुवायला आत गेलो. रेखा तांब्याने पाणी घालत होती.

"काका, गाडी चांगली हाय म्हणा."

"चांगली न्हाई, रेखा. तुझी भाचरं बसणार तिच्यात."

"तुम्ही संध्याकाळी नांदेडला जाताल. मला इथंच ऱ्हायचंय."

आण्णांना कोपऱ्यावरच्या पानटपरीवर नेऊन सगळं सांगितलं.

"इंजिन कसं हाय?"

"इंजिन ठणठणीत."

"मग तेवढंच बोल आत येऊन."

"आण्णा, धडक बसली तर माणूस वाचवणारं काही न्हाई त्या गाडीत."

"तुला गाडी बघाय आणलं, बापू. व्याह्याला चोर ठरवाय न्हाई. उद्या पोरीनं बोलणी खायची, तू खाणार का?"

आत आल्यावर विश्वंभररावांनी थेट मलाच विचारलं. मी म्हणालो, "इंजिन उत्तम. खांब जोडलेला आहे. एअरबॅगा नाहीत." मग आण्णा म्हणाले, "आमाला गाडी पटली," आणि मोबाइल काढून पूर्ण रक्कम पाठवली. एक रुपयासुद्धा कमी करून मागितला नाही. परतीला आण्णांनी लातुरातच ठरवलेला एक ड्रायव्हर गाडी घेऊन पुढे गेला. आम्ही दोघं भाऊ एसटीने, वेगवेगळ्या सीटवर.

गाडी अर्धापूरला पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. आण्णांनी मला खोटं पाडलं, पण नातवंडांना तिच्यात कधी बसवलं नाही. घर एसटीनेच फिरत राहिलं.

संक्रांतीला विश्वंभरराव आले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि धूळ बघितली. "आमची गाडी वापराय लाज वाटाय लागली काय, पाव्हणं?" ताट वाढलेलं असताना उठून गेले. त्या दिवसापासून रेखाला जी बोलणी सुरू झाली, ती टाळण्यासाठीच गाडी घेतली होती. रेखाने मला फोन करणं बंद केलं.

आता कोणी जुनी गाडी बघायला बोलावलं, की मॉडेल आणि किलोमीटर नंतर विचारतो. आधी विचारतो, विकणारा तुमचा कोण लागतो? नातं निघालं की जात नाही.

उन्हाळ्यात आण्णांनी गाडी पार्टसाठी भंगारात दिली. एक लाख साठ हजार आले. विश्वंभररावांना पाच लाख चाळीस हजार कधीच पोचले होते. भंगारवाला गाडी घेऊन गेला, त्या संध्याकाळी माझ्या खात्यात आण्णांचे आठशे रुपये जमा झाले. खाली लिहिलं होतं, सर्व्हेअर फी.

भावाकडून मी कधी फी घेतली नव्हती.