शारदावहिनींचा नवस आणि अमेरिकेतला मास्तर

"तू लगेच ये. मास्तर वर सरकतोय आणि माझ्या घरात दोन पक्ष पडलेत." आशागडहून दामूचा असा फोन आला, तेव्हा चिकूचा हंगाम भरात होता आणि मला नाशकात करण्यासारखं काही नव्हतं. मी पिशवी भरली.

डहाणूला जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगतो. नाशिकहून सकाळची एसटी धरा. त्र्यंबक, जव्हार, कासा, चारोटी असा रस्ता आहे. जव्हारपर्यंत इतकी वळणं आहेत की पोटात काही जड टाकून बसू नये. पंचाहत्तरी ओलांडलेली असेल तर तिकीट लागत नाही. जव्हारच्या घाटात मला सातवीतली एक कविता आठवली आणि ती मी जरा मोठ्यानं म्हटली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, फुकट तिकिटात गाणं पण?" गाडी हसली. मीही हसलो, पण शेवटचं कडवं पूर्ण केलं.

दामू माझा चिंचणीच्या शाळेतला सोबती. मी कविता म्हणायचो, तो मागून विसरलेली ओळ पुरवायचा. त्यामुळे पहिल्या दुपारी चिंचणीला जाणं ठरलेलंच होतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपुढे उभा राहून मी समुद्रावरची कविता सुरू केली. तिथली मासळीवाली दोन कडवी थांबली, मग म्हणाली, "बाबा, बोंबील घेणार का नुसतं गाणार?" अर्धा किलो घेतले.

मग वाळूत बसून दामूनं सगळं सांगितलं. त्याची एकुलती एक लेक मेघना अमेरिकेत शिकवते. चार वर्षांत घरी आलेली नाही. यंदा तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम आहे. त्याआधी पक्षातल्या पक्षात उमेदवार ठरवायला राज्यामागून राज्य मतदान होतं. त्यात एक निवृत्त शाळामास्तर उभा आहे. पैसा नाही, घराणं नाही, आयुष्यात कधी साधा नगरसेवकही झालेला नाही. मेघना सुट्टी टाकून त्याच्यासाठी दारोदार हिंडते आहे. तिनं आईला शब्द दिलाय, मास्तर शर्यतीतून बाहेर पडला की उरलेली सुट्टी घरी.

"म्हणजे मास्तर पडला तर पोर येते," मी म्हणालो.

"हो ना! आणि मला मास्तर आवडायला लागलाय!" दामूनं कपाळाला हात लावला.

घरी दामूच्या बायकोनं, शारदावहिनींनी, मेघनाची खोली आधीच आवरून ठेवली होती. पलंगावर नवी चादर, उशीशी घडी घातलेला टॉवेल. जेवायला तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण. वाढताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझं त्या माणसाशी वैर नाही. चांगलाच असेल. पण त्यानं आपल्या घरी जावं, म्हणजे माझी पोर माझ्या घरी येईल."

दुसऱ्या दिवशी तलासरीकडे निघालो. स्वतःची गाडी नसेल तर चारोटी नाक्यावरून शेअरची गाडी मिळते. माणूस कोंबला जातो, पण तीस-चाळीस रुपयांत काम होतं. वाटेत हायवेलाच महालक्ष्मीचं देऊळ. गाडीतून उतरताना वहिनींनी हळूच माझ्या हातात पैसे दिले. "एक नारळ घ्या. मास्तर पडू दे म्हणून. यांना सांगू नका." त्या चपला काढायला वळल्या, तोवर दामूनं दुसऱ्या हातात पैसे कोंबले. "एक नारळ. मास्तर निवडून येऊ दे म्हणून. हिला बोलू नकोस."

नारळवाल्याला म्हटलं, दोन दे, पण एकसारखे नकोत. तो म्हणाला, "काका, देवीला फरक पडत नाय." मला पडत होता. देवीपुढे एकाच पिशवीतून दोन्ही पक्ष काढताना माझा घोळ झाला, आणि कुठला नारळ कुणाचा हे मला आजही सांगता येणार नाही. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस कसला?" मी म्हणालो, "अमेरिकेचा." त्यानं दोन्ही फोडले.

तिथून झरी. दामूचा जुना ओळखीचा रावजीदादा तिथे राहतो. तो सरपंचपदाला तीनदा अपक्ष उभा राहिला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा आला. दामूच्या मते बाहेरच्या उमेदवाराचं भविष्य सांगणारा असा जाणकार अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही. ओसरीवर नागलीची भाकरी आणि लाल चटणी पुढे आली. दामूनं सगळी हकीकत सांगितली.

"पैसा?" रावजीदादानं विचारलं.

"नाही."

"मानसं?"

"आमची मेघना आहे!"

"बरं. हा मास्तर लोकांच्या घरात जाऊन पानी पितो का भायेरच उभा रेतो?"

"आत जातो," दामू उजळला. "मेघना सांगते ना, चुलीपाशी जाऊन बसतो."

रावजीदादानं मान डोलावली. "मंग तो लवकर पडायचा नाय. जिंकंल का, ते मना नाय सांगता येत. ज्यांच्या घरी पानी पेलो त्यांनी मना पैल्या वखताला मत दिलं नाय. पन आता बस कर, घरी जा, असं बी कोन बोललं नाय."

वहिनी भाकरी तशीच ठेवून अंगणाकडे बघत राहिल्या. परतीच्या वाटेवर मी कविता म्हटली नाही, यावरून ओळखा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास फोन वाजला. तिकडे रात्र. मक्याच्या शेतांच्या एका राज्याचा निकाल लागला होता. पडद्यावर मेघना, मागे नाचणारी माणसं.

"बाबा, आम्ही तिसरे आलो!"

"म्हणजे पडला?" वहिनींनी फोन ओढून घेतला.

"अगं नाही आई, जिंकल्यासारखंच आहे! आम्हाला कुणी सातवंसुद्धा धरलं नव्हतं!"

दामू गॅलरीत जाऊन खाली त्याच्या चिकूच्या वाडीतल्या मजुरांना ओरडून सांगू लागला, "तिसरा आला, तिसरा!" झाडाखालून एकानं विचारलं, "शेठ, किती जन होते?"

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. "तुझा घसा बसलाय."

"ओरडून ओरडून गं."

"गरम पाणी पी. पुढचं राज्य कुठलं? तिथे थंडी आहे?"

"बर्फ आहे."

"मग कानाला बांधून फिर. आणि लोकांनी खायला दिलं तर नको म्हणू नकोस."

फोन ठेवून त्या मेघनाच्या खोलीत गेल्या. पलंगावरची नवी चादर काढली, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली. मग मला विचारलं, "चहा टाकू?"

दुपारच्या गाडीनं निघालो. चिकू आणणार असाल तर कच्चे आणा, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. माझे चार दिवसांत पिकले. सहलीत पाहिलेलं पुष्कळ आहे, पण घरी आल्यावर मी रोज पेपरात आधी त्या मास्तराची बातमी शोधू लागलो. एकदा चौथा, एकदा पाचवा. नाव लहान टायपात सरकत गेलं. एके दिवशी दिसलंच नाही.

त्याच दुपारी शारदावहिनींचा फोन.

"भाऊजी, बसला घरी. मेघना बुधवारी येतेय."

"झालं की तुमच्या मनासारखं!"

"झालं," त्या म्हणाल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, "पण इतक्यात दमायला काय झालं होतं हो त्याला? आणखी दोन राज्यं तरी लढायची होती मेल्यानं. पोर फोनवर किती रडली!"