कमलाआजीच्या दारावरचा कडुलिंब

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत कमलाआजी राहायची. नात्यानं आमची कुणी नव्हे. पण मी आज जिवंत आहे त्यात तिचा हात असावा, असं माझी आई जाईबाई सांगते. 'असावा' हा शब्द मात्र कमलाआजीचा. 'आहे' म्हटलेलं तिला चालायचं नाही.

छप्पनच्या डिसेंबरात सगळ्या मजल्यानं धम्माची दीक्षा घेतली. घराघरांतले देव निघाले. कमलाआजीनं तर सासूनं दिलेली मरीआईची मूर्ती स्वतः उचलून समुद्रात सोडली आणि घरी येऊन स्वस्थ जेवली. तिच्या धाडसाचं फार कौतुक झालं.

वर्ष-सव्वा वर्षात मुंबईत देवीच्या रोगाची साथ आली आणि तिच्या नातीच्या, कौसल्याच्या, अंगावर फोड उठले. पूर्वी असं झालं की घरात देवी आली म्हणायचे. दाराला कडुलिंब बांधायचे, फोडणी द्यायचे नाहीत, बाहेरच्याला आत येऊ द्यायचे नाहीत. आता देवीच नाही, तर तिचे नियम कशाला पाळायचे? समोरच्या खोलीतला भिवादादा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून घसा बसवून आला होता. त्यानं ठरवलं, संध्याकाळी सगळ्यांनी पोराबाळांसकट कौसल्याच्या उशाशी बसून वंदना म्हणायची. आपण त्या देवीला भीत नाही, हे चाळीला दिसलं पाहिजे. माणसं पांढरे कपडे घालून निघाली. आईच्या कडेवर मी होते, अंगावर पिणारी, अजून देवी न टोचलेली.

पाहतात तर दार बंद, आणि दाराला कडुलिंबाची डहाळी.

"कमलाबाई, देवी परत आणली काय घरात?" भिवादादा बसल्या घशानं ओरडला.

"देवी गेली रे," आजी आतूनच बोलली. "पण डहाळी बघून मागं फिरायची लोकांची सवय गेली नसंल, म्हणून बांधली."

"मग दार उघड की!"

"नाही. आमच्या गावी जी माणसं अशा घरात बसायला गेली, त्यांची घरंच्या घरं झोपली. डोळ्यांनी बघितलंय मी. देवी खोटी, पण दार लावायचं ते खरं असलं तर? ऐकलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, असं तूच सांगतोस ना दर रविवारी?"

"तू घेतलंस का तपासून?"

"नाही ना! म्हणून तर भ्या वाटतंय."

कुणी तिला कच्ची म्हणालं, कुणी ढोंगी. सगळ्या मजल्यानं जिला मानलं, तिचा मान एका संध्याकाळी गेला. आत तापानं फणफणलेली नात, आणि बाहेर आपलीच माणसं पाठ फिरवून चाललेली. आतून रडण्याचा आवाज आला, पण कडी निघाली नाही, असं आई सांगते.

तिच्या मुलानं, रामजीनं, वर्दी दिली होती. सकाळी म्युनिसिपालिटीचा डॉक्टर आला. शशिकांत नाव, गिरगावातला, चष्मेवाला, अगदी पोरगेला. त्यानं कौसल्याला साथीच्या इस्पितळात पाठवलं आणि मजल्यावरच्यांना टोचायला बसला.

"डागदर, या पाल्यानं काही होतं का हो?" आजीनं विचारलं.

"दार लावून घेतलंत ते उत्तम केलंत. पाल्याचं मात्र मला खरंच ठाऊक नाही."

"आणि हे टोचलेलं जन्मभर पुरतं?"

"पूर्वी तसंच समजत. मग टोचलेल्यांनाही रोग होताना दिसला. आता पुन्हा पुन्हा टोचा म्हणतो. उद्या कदाचित वेगळंच सांगू."

"म्हणजे तुमचंच तुम्हाला पक्कं नाही!" भिवादादा हसला.

आजी हसली नाही. ती त्या पोरगेल्या डॉक्टरकडे बघतच राहिली.

"भिवा, आपली देवी पिढ्यानपिढ्या घरात होती. एकदा तरी म्हणाली का, माझं चुकलं, आता असं करून बघू?"

आणि चोळीची बाही वर सारून तिनं सगळ्यात आधी दंड पुढं केला. भिवादादा गुपचूप तिच्या मागं उभा राहिला.

हे ऐकताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. 'झालाच पाहिजे'चे दिवस ते; जो तो छातीठोक बोलायचा. आणि ही अक्षरशत्रू बाई थक्क झाली ती 'ठाऊक नाही' या दोन शब्दांनी! एक देव बाहेर काढल्यावर त्या जागी डॉक्टरला बसवण्याचा मोह तिला झाला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

कौसल्या बरी होऊन आली, तोंडभर वण घेऊन. मजल्यावर दुसरं कुणी आजारी पडलं नाही. कमलाबाईंनी मजला वाचवला, असं भिवादादा ज्याला त्याला सांगत सुटला, तर आजी त्याच्यावरच डाफरायची.

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, "आजी, मी वाचले ते दारानं की सुईनं?"

"कसं सांगू? दोन्ही लागोपाठ केलं. तुला काही होणारच नसंल, असंही असंल." माझ्या दंडावरचा वण ती अंगठ्यानं चोळत होती. "नक्की कळायला त्या दिवशी दार उघडून तुला आत घ्यायला पायजे होतं. तेवढं माझ्यानं झालं नसतं, बाय."