टॉवर झोपू नये म्हणून

दुरुस्तीसाठी कुठलाही टॉवर बंद करायचा झाला, की ताई आधी त्या भागातल्या कुणाला तरी फोन लावायच्या. कुठे चहावाला, कुठे देवळातले गुरव. "तिकडे कोण आहे ते बघ आधी, मग हात लाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ठाण्यातल्या आमच्या मोबाइल नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये त्या सर्वांत जुन्या. आम्ही त्यांच्या या चौकशांवर खूप हसायचो. चहावाल्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचंही आम्हाला असंच कळलं होतं.

मग तुमच्याकडे आला असेल तसा आमच्याकडेही एआय एजंट आला. टॉवरची वीज वाचवणं हे त्याचं काम. वापर कमी दिसला की तो टॉवर झोपवायचा आणि आम्हाला शुद्ध मराठीत तसं कळवायचा. मी खूश होतो. ताई मात्र घाबरल्या. "अरे, हा कोणाला विचारतच नाही रे," म्हणायच्या.

एका दुपारी आभाळ एकदम काळं झालं. ताईंचे वडील डोंबिवलीपलीकडच्या खाडीत होडी घेऊन गेलेले. "इंजिन बंद पडलंय," एवढंच बोलले आणि फोन तुटला. तिथला, ताईंच्या गावचा टॉवर एजंटने झोपवला होता. ताईंनी तो हाताने चालू केला. जरा वेळाने तो पुन्हा बंद. पडद्यावर उत्तर आलं, "आपली काळजी समजते. वापर नगण्य असल्याने टॉवर बंद केला आहे."

ताईंनी टॉवर परत चालू केला आणि गावात काकीला फोन लावला. "काकी, बापूस खारीन हाय गो! आख्ख्या आळीला सांग, फोन लावा, कोनाला पन लावा, बोलत रव्हा!" पडद्यावर वापर वाढत गेला. बायका काय बोलत होत्या देव जाणे, पण टॉवर जागा राहिला. शेवटी वडिलांचा फोन लागला आणि दुसरी होडी त्यांना आणायला गेली.

त्यानंतर कंपनीने टॉवर हाताने चालू करायची सोयच काढून टाकली. एवढी माणसं कशाला, म्हणून ताईंनाही घरी पाठवलं. त्या आता गावीच असतात. वडील अजून खाडीत जातात. आभाळ भरून आलं की मला भीती वाटते आणि मी फोन लावतो.

"बोल रे."

"काही नाही ताई. तुम्ही बोलत राहा."

आज आभाळ भरलंय. मघापासून लावतोय, फोन लागत नाही. पडद्यावर गावचा टॉवर झोपलेला दिसतोय. न राहवून एजंटलाच विचारलं, तिकडे कोण आहे?

उत्तर लगेच आलं. "सध्या तिकडे कोणी नाही."