हौसामावशीच्या पाटीतले निरोप

दुसऱ्यांचे निरोप ठेवता ठेवता किस्से आपोआप साठतात. आमच्या विरारच्या फोन बूथचे तर मला अजून एकेक आठवतात.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये एकाकडेही फोन नव्हता. सगळे नातेवाइकांना कोपऱ्यावरच्या कामतकाकांच्या बूथचा नंबर द्यायचे. काका निरोप चिठ्ठीवर लिहून टेबलावरच्या उभ्या तारेत खोचायचे. सकाळी पाचूबंदरची हौसामावशी मासे विकायला यायची, ती चिठ्ठ्या पाटीत टाकून घरोघरी पोचवायची.

माझी कारखान्यात दुपारची पाळी. दीड वर्षाची चिमी कळंबला आईकडे; आई तिथून बूथवर फोन करायची. सगळा जीव त्या चिठ्ठ्यांत.

*

एकदा चिठ्ठी आली, "ताप उतरला." कसला ताप? दुसऱ्या दिवशी आली, "ताप चढलाय, लगेच ये." मी तशीच कळंबला पळाले. चिमी वाळूत बसून शिंपला चाटत होती. आई म्हणाली, "अगं, ताप परवाच उतरला. कळवलं ना?"

*

उलटं कसं झालं? मी सकाळी बूथच्या बाकावर बसून बघितलं. तारेत पहिली चिठ्ठी तळाशी, शेवटची वर. मावशी घाईत वरच्या चार-पाच उपटायची.

"काका, जुनी खालीच राहते."

"किराण्याच्या दुकानात बिलं अशीच खोचायचो. बिलांनी कधी तक्रार नाही केली."

मी बिस्किटांचा डबा आणून दिला. जुनी चिठ्ठी पुढे, नवी मागे.

*

तरी तिसऱ्या माळ्यावरच्या जोशीबाईंना निरोप मिळेना. मी मावशीच्या मागे फिरले, तर ती त्यांचा जिनाच चढेना.

"ती मासं खात नाय. उगाच तीन माळे कोन चढल?"

मग जोशीबाईच रोज खाली येऊन उभ्या राहायच्या, नाकाला पदर लावून.

*

गुरुवारी चिठ्ठ्या कधीच येत नसत, ते कोडंही सुटलं. त्या दिवशी अर्धी बिल्डिंग मासे घेत नाही, म्हणून मावशी विरारला येतच नाही.

"चिठ्ठ्या इकून पोट भरतं का?" म्हणाली.

*

पुढे एका बुधवारी तिने चिठ्ठी दिली, "चिमीला ताप." वाचताना माझा चेहरा तिने बघितला. पाळी सोडली तर नोकरी जाणार होती. कशीबशी भरली. सकाळी कळंबला जायला पिशवी भरतेय, तर जिन्यात धापा. दारात हौसामावशी. पाटीत मासे नाहीत, एकच चिठ्ठी.

"कामतानं वाचून दाखवली. ताप उतरला. दाढ येते पोरीला."

"मावशी, आज तर गुरुवार."

मावशी उंबऱ्यावर टेकली. "दाढेला काय म्हाईत गुरुवार? पानी दे."